ठासणीच्या बंदुकीचा भरवसा काय?

भात निसवलं की शहापूर-मुरबाडच्या डोंगराकडच्या गावांत राखणीच्या रात्री सुरू होतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभं पीक लोळवून जातो. कुणी डबे बडवतं, कुणी फटाके लावतं, कुणी मचाणावर जागतं. काही घरांत मात्र पोटमाळ्यावरची जुनी ठासणीची बंदूक खाली उतरते. कुठे ती पीक राखण्यासाठी परवान्यावर घेतलेली असते, कुठे बिनपरवान्याची गावठी. 'आजोबांपासून आहे, कधी दगा दिला नाही,' असा तिचा लौकिक सांगितला जातो. हा लौकिक तपासून पाहायला हवा.

शस्त्राचा भरवसा कशाने ठरतो, हे समजायला कारखान्यात बनलेल्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचं उदाहरण घेऊ. त्यात घोडा एकदा दाबला की एक गोळी सुटते. त्या स्फोटाच्या धक्क्यानेच वरचा भाग मागे सरकतो, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि मॅगझिनमधली पुढची गोळी नळीत बसते. हे सगळं सेकंदाच्या लहानशा भागात घडतं. कुठे काजळी साठली, स्प्रिंग सैल झाली किंवा काडतूस खराब निघालं, तर पिस्तूल अडकतं. म्हणूनच अशा शस्त्राची कसून परीक्षा घेतात. १९११ मध्ये अमेरिकी सैन्याने कोल्ट कंपनीच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडून पाहिल्या. ते एकदाही अडकलं नाही, म्हणून त्याची निवड झाली. चांगल्या पिस्तुलाची नळी हजारो गोळ्या सोसते, पण स्प्रिंगसारखे भाग त्याआधीच बदलावे लागतात. म्हणजे भरवसा नुसत्या लोखंडात नसतो. तो चाचणीत, एकसारख्या काडतुसात आणि नियमित देखभालीत असतो.

गावठी बंदुकीत यातलं काहीच नसतं. नळी किती दाब सोसेल, हे कुणी मोजलेलं नसतं. दारू अंदाजाने भरली जाते. पावसाळ्यात आतून गंज चढतो, नळी पातळ होते, पण बाहेरून काही दिसत नाही. मग एखाद्या दिवशी छर्रे पुढे जाण्याऐवजी नळीच फुटते आणि बोटं, तळहात, चेहरा, डोळा जायबंदी होतो. ओलसर दारूचा आणखी एक धोका असतो. घोडा दाबला, आवाज आला नाही, म्हणून माणूस बंदूक तोंडाजवळ आणून पाहतो किंवा दुसऱ्याकडे वळवतो. दारू उशिरा पेटली, तर बार नेमका त्याच क्षणी होतो.

छर्‍याची जखमही फसवी असते. कातडीवर बारीक भोकं दिसतात, रक्त फारसं येत नाही. पण एखादा छर्रा आतडं, फुप्फुस किंवा मोठी रक्तवाहिनी भेदून गेलेला असू शकतो. पोटात रक्त साठत राहतं आणि माणूस काही वेळ बोलतही असतो. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं दीड-दोन लिटर गेलं की जीव धोक्यात येतो. जवळून उडालेल्या बारासोबत कपड्याच्या चिंध्या आणि माती आत जाते. त्यातून जखम चिघळते, धनुर्वाताचीही भीती असते.

याहून घातक ठरते ती लपवाछपवी. २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात डुकराच्या शिकारीला गेलेल्यांपैकी एकाचा सोबत्याच्याच गोळीने जीव गेला. पोलिसांच्या भीतीने त्याचा मृतदेह लपवण्यात आला. हीच भीती जखमी माणसालाही घरात अडवून ठेवते.

म्हणून काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी. कापड भिजलं तरी ते काढू नये, वर दुसरं ठेवावं. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टी आवळून बांधावी आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. हळद, चुना, तंबाखू काही भरू नये. छर्रे उकरून काढू नयेत. डोळ्याला लागलं असेल तर डोळा चोळू किंवा दाबू नये, वर कागदी पेला अलगद ठेवावा. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून खायला-प्यायला देऊ नये. लगेच १०८ ला फोन करावा. मुरबाडच्या आतल्या पाड्यांतून कल्याण, शहापूरच्या पाड्यांतून ठाणे गाठायला वेळ लागतो. तो घरी बसून आणखी वाढवू नये.

बंदुकीची जखम असेल तर डॉक्टर पोलिसांना कळवतात, हे खरं आहे. पण त्यासाठी उपचार थांबत नाहीत. आधी जीव वाचवायचा, कागद नंतर, असा स्पष्ट निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात दिला आहे आणि तो सरकारी-खासगी सर्व डॉक्टरांना लागू आहे. काही छर्रे शरीरात राहिले तर पुढे एमआरआय काढण्यापूर्वी ते सांगायला विसरू नये. सांध्यात अडकलेल्या शिशाच्या छर्‍यातून शिसं हळूहळू रक्तात उतरू शकतं, म्हणून तपासणी चालू ठेवावी.

डुकरांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीची भरपाई वनविभागाकडून मिळते. त्यासाठी पंचनामा आणि अर्जाचे हेलपाटे पडतात, हे शेतकऱ्यांचं दुखणं खोटं नाही. पण गेलेलं पीक पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उभं राहतं. गेलेला डोळा किंवा गेलेला सोबती परत येत नाही.