हावड्याची जबा, आपली जास्वंद

आपल्याकडे लक्ष्मीपूजन असतं त्याच अमावास्येच्या रात्री बंगालमध्ये कालीपूजा असते. आपण गणपतीला वाहतो तेच लाल फूल तिथे कालीला लागतं, माळेत १०८. संस्कृतातली ‘जपा’ बंगालीत ‘जबा’ झाली. हावडा जिल्ह्यातल्या बागनानच्या मळ्यांतून ही फुलं हावडा पुलापलीकडच्या मल्लिक घाटाच्या फूलबाजारात जातात. जातात ती बहुधा कळीच्या रूपात, कारण उमललेली जास्वंद एकच दिवस टिकते.

याच हावड्यात, शिवपूरला, १७८७ साली कर्नल रॉबर्ट किडने उभं केलेलं वनस्पती उद्यान आहे. आता ते जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखलं जातं. लोक तिथे महावटवृक्ष पाहायला जातात. त्या वडाचं मूळ खोड बुरशीने सडलं म्हणून १९२५ साली काढून टाकलं, तरी पारंब्यांच्या आधाराने तो पसरतोच आहे. जास्वंदीचं अगदी उलट. कुंपणाची ही लाल जास्वंद सहसा बी धरत नाही. कुणीतरी फांदी तोडून मातीत खोचली, तरच ती पुढे जाते. लिनियसने १७५३ साली तिला ‘चीनचा गुलाब’ अशा अर्थाचं नाव दिलं खरं, पण ती रानात आपोआप वाढलेली कुठेच आढळत नाही. पॅसिफिक बेटांवरच्या दोन जातींचा तो संकर असावा, असं अलीकडचे अभ्यासक म्हणतात. म्हणजे आपल्या परसातलं झुडूप हजारो मैल माणसांच्या हातांतून, फांदी-फांदीने आलेलं आहे.

शाळेत आपण फूल उघडून पाहिलं ते बहुतेक जास्वंदीचंच. पाच पाकळ्यांमधून एक लांब नळी बाहेर येते. ती पुंकेसरांचे तंतू एकमेकांना जुळून झालेली. तिच्यावर पिवळे परागकोश आणि त्या नळीतून वर डोकावणाऱ्या पाच लाल मखमली कुक्षी. डबल जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या होतात. भेंडी, कापूस, अंबाडी ही तिची भावंडं. पानं चुरगळून पाण्यात कालवली की जो बुळबुळीतपणा येतो, तो भेंडीच्याच कुळाचा वारसा.

पाकळ्यांचा लाल रंग अँथोसायनिनचा. पाकळ्या गरम पाण्यात भिजवून लिंबू पिळा, रंग गडद गुलाबी होतो. खाण्याचा सोडा टाका, हिरवट. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा.

आता औषधाचं. आयुर्वेदाने जपेला केश्य, म्हणजे केसांना हितकारक, म्हटलं, आणि आजीच्या तेलात ती उकळत आली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात उंदरांवर केस वाढवण्यात पानांचा अर्क फुलांच्या अर्कापेक्षा सरस ठरला. आपण मात्र फुलंच खुडतो आणि पानं टाकून देतो! त्याआधी, १९७०च्या दशकात, बनारस हिंदू विद्यापीठात खोलकुटे आणि उडुपा यांनी फुलांच्या अर्काचा उंदरांच्या माद्यांवर अभ्यास केला, तेव्हा गर्भधारणेला अटकाव होताना दिसला. हे संशोधन मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण ज्याला आपण निरुपद्रवी समजतो त्या फुलात केवढी ताकद आहे ते त्यातून कळतं. त्यातून माणसांसाठी औषध अजून आलेलं नाही. तरीही गरोदर बायकांनी आणि मूल हवं असलेल्यांनी जास्वंदीचे काढे पिऊ नयेत.

रक्तदाबासाठी जो ‘हिबिस्कस चहा’ विकला जातो, तो जास्वंदीचा नव्हेच. तो लाल अंबाडीच्या मांसल बोंडांचा. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज तीन कप, सहा आठवडे प्यायल्यावर वरचा रक्तदाब थोडा उतरला, तोही याच अंबाडीच्या चहाने. दोन्ही हिबिस्कस या एकाच वंशातल्या, म्हणून एकीचा गुण दुसरीच्या पदरात घालणं चुकीचं आहे.

आणखी एक. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण फार पडतो, आणि विकायच्या फुलांवर कीटकनाशक मारलेलं असू शकतं. बाजारातली फुलं देवाला वाहा; तेलात घालायची ती घरच्या झाडाची घ्या. झाड नसेल तर पावसाळ्यात शेजाऱ्याकडून पेन्सिलीएवढी जाड फांदी मागून आणा आणि कुंडीत खोचा.