वादळाची वाट आणि मदतीचे माप

सातमाळ्याच्या डोंगररांगेला टेकून, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आणि समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावर वसलेल्या, नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याला आभाळाची जी आपत्ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, ती पाऊस न येण्याची. विहिरींनी तळ गाठणे, वैशाखात टँकरच्या खेपा मोजणे, खरिपाची आणेवारी किती लागते याकडे डोळे लावून बसणे, हा येथील शिरस्ता. चक्रीवादळ ही किनाऱ्यावरच्या मुलुखाची गोष्ट. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला झोडपून काढणाऱ्या वादळाची हकीकत वडीलधाऱ्यांनी सांगावी आणि ऐकणाऱ्याने हळहळून आपल्या कामास लागावे, इतकाच तिच्याशी संबंध. २००९ ते २०२१ या बारा वर्षांत ही समजूत कशी ढासळत गेली, आणि तिच्याबरोबर वादळाच्या वाटेवरील माणसाला साह्य करण्याविषयीची आमची कल्पनाही कशी पालटली, हे आज सावकाश पाहण्यासारखे आहे.

आरंभ ‘फयान’पासून करावा लागतो. ११ नोव्हेंबर २००९ रोजी हे वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनारा ओलांडून आत आले. कोकणातील मच्छीमारांनी त्या दिवशी नौका गमावल्या आणि माणसेही गमावली. इशारा समुद्रात दूर गेलेल्या नौकांपर्यंत वेळेवर पोहोचण्याची पुरेशी तजवीज तोवर झालेली नव्हती. घाटमाथ्याच्या अलीकडे मात्र ते वादळ म्हणून कोणी ओळखलेच नाही. गोडी छाटणी उरकून वडनेर भैरवच्या बाजूचे द्राक्षमळे फुलोऱ्याच्या ऐन नाजूक अवस्थेत असताना पाऊस आला, घड कुजले, डावणी रोगाने पाने करपली, आणि बागायतदाराने या साऱ्याला एकच नाव दिले, ते म्हणजे ‘अवकाळी’. समुद्रात बुडालेली नौका आणि मळ्यात गळलेला घड ही एकाच आपत्तीची दोन टोके आहेत, हे त्या वेळी ना आम्हांला जाणवले, ना कोणी जाणवून दिले.

२०१७ च्या डिसेंबरात ‘ओखी’ने हाच धडा पुन्हा गिरवून घेतला. केरळ आणि तामिळनाडूच्या दर्यावर्दी कुटुंबांवर घोर संकट कोसळले, आणि वादळ उत्तरेकडे सरकत असताना ६८ नौका ९५२ खलाशांसह सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. देवगड बंदरात त्यांना आसरा मिळाला. भाषा निराळी, मुलूख निराळा, आणि तरीही आलेल्या माणसाला आधी निवारा आणि अन्न द्यायचे, मग पुढची विचारपूस करायची, हा जो किनाऱ्याचा धर्म आहे, तो येथे विनासायास पाळला गेला. त्याच दिवसांत नाशिकच्या द्राक्षमळ्यांवर पुन्हा अवेळी सरी आल्या. परंतु या खेपेस रेडिओवर आणि मोबाईलवर वादळाचे नाव होते, आणि दक्षिणेच्या समुद्रात उठलेले वारे आपल्या घडापर्यंत पोहोचतात ही गोष्ट शेतकऱ्याच्या बोलण्यात प्रथमच आली.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन वादळे अरबी समुद्रात एकाच काळी वावरत होती. दोहोंपैकी एकानेही महाराष्ट्राच्या किनाऱ्याला प्रत्यक्ष स्पर्श केला नाही. तरीही काढणीला आलेला मका खळ्यात भिजला, सोंगलेल्या बाजरीला कोंब फुटले, कांद्याची रोपे वाफ्यातच सडली आणि द्राक्षबागांची दैना झाली. राज्यात तेव्हा राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० आणि फळबागांसाठी हेक्टरी १८,००० रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याचा हुकूम काढला. ज्याने एका एकराच्या द्राक्षबागेवर औषधे, खते आणि मजुरी यांपायी लाखांत खर्च केला होता, त्याने त्या आकड्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल हे सांगण्याची गरज नाही. आपत्ती मोजण्याचे माप ज्याच्या हाती असते, त्याला आपत्तीत सापडलेल्याचा व्यवहार ठाऊक असतोच असे नाही, ही जाणीव चांदवडला तेव्हा झाली. तिचा उपयोग पुढे दुसऱ्याचे दुःख समजून घेण्यासाठी व्हायचा होता.

तो प्रसंग फार दूर नव्हता. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ने रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धनच्या परिसरात किनारा गाठला. करोनाची साथ चालूच होती आणि टाळेबंदी नुकती कुठे शिथिल होऊ लागली होती. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेकडे पायी निघालेल्या श्रमिकांचे तांडे चांदवडवरून जात होते आणि रस्त्याकाठची गावे त्यांना भाकरी-पाणी देत होती. अशा काळात किनाऱ्यावरील हजारो माणसे घरांतून हलवून शाळांत आणि सभागृहांत ठेवायची, आणि त्यांच्यात अंतरही राखायचे, असा दुहेरी पेच प्रशासनापुढे उभा राहिला. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील तात्पुरत्या रुग्णालयामधून रुग्ण दुसरीकडे न्यावे लागले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आधीच तैनात झाल्या होत्या. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांच्या पुढे असताही मनुष्यहानी अत्यल्प झाली, याचे श्रेय त्या पूर्वतयारीला निःसंकोच द्यावे लागेल.

या वादळाची वाट रायगडवरून पुणे आणि नाशिककडे वळत होती, म्हणून नाशिक जिल्ह्यालाही घराबाहेर न पडण्याची ताकीद मिळाली. चांदवडच्या शेतकऱ्याचे सारे भांडवल त्या दिवसांत कांद्याच्या चाळीत होते. उन्हाळ कांदा चैत्र-वैशाखात काढून जमिनीपासून उंच उचललेल्या लाकडी पट्ट्यांच्या तळावर रचून ठेवतात. दोन्ही बाजूंनी फटी ठेवतात, कारण कांद्याला खेळती हवा लागते. पावसाची झड आत शिरली तर वरचा थर भिजून काजळी धरतो, आणि झड अडवण्यासाठी चाळ सर्व अंगांनी आवळली तर आतल्या उष्म्याने कांदा घामेजून सडतो. म्हणून २ जूनच्या सायंकाळी गावोगाव चाललेले काम मोठे कौशल्याचे होते. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री आणि बारदान बांधायचे, आडोशाची बाजू मोकळी ठेवायची, पत्र्यांवर दगड आणि वाळूच्या गोण्या टाकायच्या, दावणीची जनावरे पत्र्याच्या शेडखालून काढून भक्कम भिंतीच्या आडोशाला न्यायची, आणि वारा फिरला की रात्री उठून ताडपत्रीची बाजू बदलायची. या भागाने आयुष्यात प्रथमच वादळाची तयारी केली. आणि वादळ येथवर पोहोचेतो क्षीण झाल्याने तिची कसोटी किनाऱ्याच्या मानाने सौम्यच ठरली.

किनाऱ्यावर मात्र खरी आपत्ती वारा ओसरल्यावर सुरू झाली. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांत कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, आणि कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. इतर जिल्ह्यांतून वीज कर्मचारी गेले, धान्य गेले, ताडपत्र्या गेल्या. ज्या श्रीवर्धनाने पेशव्यांचे घराणे दिले, त्याच पेशव्यांच्या सरदारकीतून उदयास आलेल्या होळकरांचा रंगमहाल चांदवडात उभा आहे. तथापि इतिहासाच्या या धाग्यापेक्षा दोन्ही ठिकाणांना जवळ आणणारी गोष्ट होती ती भरपाईची.

शासनाने या वेळी हात सैल सोडून फळबागांचा दर हेक्टरी ५०,००० रुपये केला. नाशिकच्या मापाने पाहता ही मोठीच वाढ. परंतु कोकणातील वाडी हेक्टरात नसते, ती गुंठ्यांत असते. हेक्टरी पन्नास हजार म्हणजे गुंठ्याला सुमारे पाचशे. दहा गुंठ्यांच्या वाडीचा धनी पाच हजारांचा मानकरी. शिवाय त्या दहा गुंठ्यांत शेती एकावर एक रचलेली असते: वर नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीवर मिरीचा वेल, सावलीत जायफळ. हे सारे एका दुपारी उन्मळून पडले, आणि पुन्हा लावलेली सुपारी हाती येण्यास सहा-सात वर्षे लागणार. तक्रारी झाल्या, आणि पुढे झाडागणिक मदत देण्याचा निर्णय झाला: नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. रक्कम तुटपुंजी, पण माप बदलले, ही गोष्ट लहान नव्हे. बागांची पुनर्लागवड रोजगार हमीतून करण्याची वाटही मोकळी झाली. १९७२ च्या दुष्काळात देशावरील खडी फोडणाऱ्या हातांसाठी उभारलेली योजना अशा रीतीने कोकणातील वाडीच्या कामी आली.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ आले. किनाऱ्याला समांतर जात ते गुजरातेत शिरले. इशारा अनेक दिवस आधी मिळालेला होता; तरीही तेलक्षेत्रातील पी-३०५ हा तराफा सुरक्षित बंदरात न परतता समुद्रातच राहिला आणि बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी १८६ जणांना नौदलाने खवळलेल्या समुद्रातून बाहेर काढले. बाकीचे परतले नाहीत. फयानच्या वेळी इशारा पोहोचण्याची वाट अपुरी होती. येथे तो हाती असून अंमल झाला नाही.

ओडिशाचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते, आणि ते योग्यच आहे. १९९९ च्या महावादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१९ च्या ‘फनी’पूर्वी बारा लाखांवर माणसे हलवली गेली आणि बळींची संख्या शंभराच्या आत राहिली. जीव वाचवण्याची विद्या आपल्या देशाने कष्टाने संपादन केली आहे. तापत्या अरबी समुद्रामुळे ती महाराष्ट्रालाही आता वारंवार लागेल.

तथापि वाचलेल्या जिवाने पुढे जगायचे कशावर, याचे उत्तर त्या विद्येत नाही, आणि मदत करणाऱ्याची परीक्षा तेथेच होते. पंचनाम्याचा नमुना हा वादळाआधी तयार ठेवण्याच्या सामग्रीत दोर, होड्या आणि ताडपत्र्या यांच्या बरोबरीने धरला पाहिजे. मच्छीमाराची हानी जाळे आणि इंजिनात, कोकणच्या वाडीची झाडांत आणि फळ येण्याच्या वर्षांत, चांदवडच्या कांद्याची चाळीतील क्विंटलांत आणि द्राक्षाची छाटणीपासून झालेल्या खर्चात मोजावी, हे तलाठ्याच्या दप्तरात शांततेच्या दिवसांतच नोंदलेले असावे. २०१९ मध्ये हेक्टरी अठरा हजारांनी चांदवडचा बागायतदार जसा निरुत्तर झाला, तसाच पुढच्या वर्षी गुंठ्याच्या पाचशे रुपयांनी श्रीवर्धनचा वाडीवाला झाला. म्हणून पुढील वादळाच्या वाटेवर कोकण असो वा किनाऱ्यावरचा कोणताही मुलूख असो, तेथे धान्याची गाडी रवाना करताना त्या मुलुखाचे माप मान्य व्हावे यासाठीही चांदवडकरांनी आपला आवाज लावणे, हे त्या गाडीइतकेच मोलाचे साह्य आहे.