दिवस विकणारी बेटे

तुवालू या देशाची सगळी जमीन मिळून 26 चौरस किलोमीटर भरते, नाउरूची 21. किरिबाटीची बेटे प्रशांत महासागरात दूरदूर विखुरलेली. त्यांची बेरीज 811 चौरस किलोमीटर. पण किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतचे पाणी आपले म्हणून मोजले, तर किरिबाटीचा हिस्सा सुमारे 34 लाख चौरस किलोमीटर होतो. म्हणजे भारताच्या भूभागापेक्षाही थोडा जास्तच. लोकसंख्या मात्र सव्वा लाखाच्या आसपास.

या पाण्यात ट्यूना आहे. आपल्या कोकणात ज्यांना कुपा, गेदर म्हणतात त्या कुळातला मासा. त्यातली स्किपजॅक ही जात जगभर डबाबंद होऊन विकली जाते, आणि जगातल्या स्किपजॅकपैकी निम्म्याच्या आसपास या भागातून येते. एवढा मासा दारात असूनही या देशांना त्यातून फार काही मिळत नव्हते. ते मिळू लागले कसे, याची ही हकीकत.

मासा कुणाचा?

फेब्रुवारी 1982 मध्ये आपल्या पाण्यातली मासेमारी मिळून सांभाळण्यासाठी सात देशांनी नाउरू करार केला: मायक्रोनेशिया, किरिबाटी, मार्शल बेटे, नाउरू, पलाऊ, पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन बेटे. तुवालू पुढे 1991 मध्ये आले. 1982 मध्येच संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदाही तयार झाला आणि 200 मैलांच्या हक्काला आधार मिळाला.

अमेरिकेचे म्हणणे वेगळे होते. ट्यूना देशोदेशींच्या पाण्यातून फिरतो, तेव्हा तो कुणा एका देशाचा नाही, अशी तिची भूमिका. 1984 मध्ये सॉलोमन बेटांनी ‘जीनेट डायना’ हे अमेरिकी मासेमारी जहाज विनापरवाना मासेमारीबद्दल जप्त केले. अमेरिकेने सॉलोमनचा ट्यूना घेणे बंद करून उत्तर दिले. एवढ्याशा देशाला हा घाव मोठा होता. मग 1985 मध्ये किरिबाटीने थेट सोव्हिएत संघाशी मासेमारीचा करार केला. शीतयुद्धाचा तो काळ. वॉशिंग्टनमध्ये त्याची दखल घेतली गेलीच. 1987 मध्ये अमेरिकेने पॅसिफिक बेटांशी तह केला आणि ट्यूनासाठी पैसे मोजायचे मान्य केले.

शेजारी स्वस्त देतोय

हक्क मान्य झाला, पण भाव मिळेना. माशाच्या किमतीच्या पाचेक टक्क्यांवर बेटांची बोळवण होत असे. कारण साधे होते. नाउरूने फी वाढवली की जहाज किरिबाटीकडे वळायचे, किरिबाटीने वाढवली की पापुआ न्यू गिनीकडे. मासा तर सगळीकडेच होता. एकेकट्या देशाशी बोलणी करणाऱ्या जहाज कंपन्यांच्या हाती हा हुकमाचा पत्ता होता.

आधी जहाजांच्या संख्येवर मर्यादा घालून पाहिली: 205. पण संख्या तेवढीच ठेवून जहाजे मोठी होत गेली, आणि मर्यादा नावापुरती उरली.

दिवसाचा हिशोब

2007 पासून या देशांनी मोजमापच बदलले. आता ते जहाजाचा दिवस विकतात. सगळ्यांच्या पाण्यात मिळून वर्षाला किती दिवस मासेमारी होऊ द्यायची हे आधी ठरते. अलीकडच्या वर्षांत हा आकडा 45 हजारांच्या आसपास असतो. ते दिवस सदस्य देशांत वाटले जातात. कुणाच्या पाण्यात किती मासा असतो आणि पूर्वी तिथे किती मासेमारी झाली, यावर वाटा ठरतो. जहाज कंपनीने त्या देशाकडून दिवस विकत घ्यायचे.

मोठ्या जहाजाची पळवाटही बुजवली. 50 मीटरपेक्षा लहान जहाजाचा एक दिवस अर्धा धरतात, 80 मीटरपेक्षा लांब जहाजाचा दीड. ही जहाजे पर्ससीन, म्हणजे माशांना घेरून खालून आवळणाऱ्या, जाळ्याची. कोकणातल्या वाचकाला ते जाळे नवे नाही. प्रशांत महासागरातली पर्ससीन जहाजे मात्र फारच मोठी. उपग्रहावरून त्यांच्यावर नजर असते, शिवाय प्रत्येक जहाजावर एक निरीक्षक. दिवसभर शोधूनही मासा सापडला नाही, तरी दिवस खर्ची पडतो. त्यामुळे ‘आज इंजिन बंद होते, हा दिवस धरू नका’ अशा अर्जांवरून बरीच ओढाताण झाली.

सगळ्यात महत्त्वाचे, भावाला तळ आहे. 2012 मध्ये एका दिवसाची किमान किंमत 5,000 डॉलर होती, 2015 मध्ये 8,000. त्याखाली कुणी विकायचे नाही. प्रत्यक्षात कित्येक दिवस 10 हजारांच्या वर गेले. 2010 मध्ये या देशांची मिळून कमाई 6 कोटी डॉलरच्या आसपास होती. दशक सरता सरता ती 50 कोटींकडे पोहोचली. किरिबाटीच्या सरकारी तिजोरीत येणाऱ्या पैशातला फार मोठा भाग आज या परवान्यांचा आहे. शाळा, दवाखाने त्यावर चालतात.

मला यातली सर्वांत धीट चाल वाटते ती खुल्या समुद्राची. या देशांच्या हद्दींच्या मध्ये कुणाच्याच मालकीचे नसलेले पाण्याचे मोठे तुकडे आहेत. तिथे बेटांचा कायदा चालत नाही. मग 2008 च्या करारात त्यांनी परवान्यालाच अट घातली: आमच्या पाण्यात यायचे असेल, तर ठरलेल्या त्या तुकड्यांत जाळे टाकायचे नाही.

एल निनो आला की

स्किपजॅक उबदार पाण्यामागे जातो. एल निनोच्या वर्षी तो पूर्वेला, किरिबाटीकडे सरकतो. ला निनात पश्चिमेला, पापुआ न्यू गिनीकडे. एकाची चंगळ, दुसऱ्याचा दुष्काळ. म्हणून दिवस एकमेकांना विकता येतील अशी सोय ठेवली आहे. ज्याच्याकडे मासा आला नाही, तो आपले दिवस शेजाऱ्याला देतो आणि त्याचीही वर्षाची मिळकत बुडत नाही. आठ देशांना एकत्र धरून ठेवायला ही तजवीज भाषणांपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

अजून हाती न आलेले

दिवस विकून पैसा आला, पण मासा कापणे, शिजवणे, डब्यात भरणे ही कामे मुख्यतः थायलंडमध्ये होतात. पापुआ न्यू गिनीत लाए आणि मदांग, सॉलोमन बेटांवर नोरो इथे कारखाने आहेत, तिथे हजारो बायकांना रोजगार आहे. बाकीच्या छोट्या बेटांवर गोडे पाणी, वीज आणि मालवाहतूक यांचाच प्रश्न असतो. तिथे कारखाना परवडणे कठीण.

आणि समुद्र तापतो आहे. वाढत्या पाण्याने किनारा मागे हटला तरी आमच्या सागरी हद्दी मागे हटणार नाहीत, असे पॅसिफिक देशांनी 2021 मध्ये एकत्र जाहीर केले. नकाशावरची रेषा अशी धरून ठेवता येते. पण शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की येत्या काही दशकांत ट्यूनाचे थवे हळूहळू पूर्वेकडे, या देशांच्या हद्दींबाहेर खुल्या समुद्रात सरकतील. तिथला दिवस विकायला यांच्यापैकी कुणाकडेच नाही.