विश्लेषण : विशेष गरजा असलेल्या मुलासाठी हर्णेतल्या पालकांनी मदत कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायची?

हर्णे बंदरातून दापोली सोळा-सतरा किलोमीटरवर. दापोलीतून खेडचे रेल्वे स्थानक आणखी तासाभरावर. जिल्हा रुग्णालय असलेले रत्नागिरी मात्र शंभर किलोमीटरहून जास्त दूर. मूल वेळेवर बोलत नाही, मान धरत नाही किंवा हाक मारली तरी वळून पाहत नाही, हे लक्षात आल्यावर घरातल्यांना पहिल्यांदा या अंतराचाच विचार करावा लागतो. वडील खलाशी असतील तर ते आठ-दहा दिवस समुद्रात. आई सायंकाळच्या लिलावातून मासळी उचलून सकाळी विकायला निघणारी. अशा घरात ‘मुंबईला दाखवून या’ हा सल्ला द्यायला सोपा असतो, पण त्यासाठी बुडणारी मजुरी कोणी मोजत नाही.

दिव्यांग मुलांसाठी सरकारी सेवा आहेत, त्यातल्या बऱ्याच मोफतही आहेत. अडचण अशी की त्या आरोग्य, महिला व बालविकास, शिक्षण, महसूल आणि दिव्यांग कल्याण अशा वेगवेगळ्या विभागांत विखुरलेल्या आहेत. एका कार्यालयातला माणूस दुसऱ्या कार्यालयातल्या योजनेबद्दल सांगेलच असे नाही. त्यामुळे कोणत्या दारावर आधी जायचे, हे माहीत असणे महत्त्वाचे ठरते.

शंका कधी घ्यायची?

‘त्याचे वडीलही उशिरा बोलले होते’ हे वाक्य कोकणातल्या घरोघरी ऐकू येते. काही मुले खरोखरच उशिरा बोलतात. पण काही खुणा दिसल्या तर वाट पाहू नये. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद देत नाही. दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही किंवा एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नाही. दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नाही. आधी बोलत असलेले शब्द अचानक बंद झाले. यापैकी काहीही दिसले तर तपासणी करून घ्यावी. तपासणीत काही निघाले नाही तर नुकसान काहीच नाही. मात्र श्रवणदोष किंवा विकासातील विलंब उशिरा कळला, तर मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होत असलेली वर्षे हातातून निघून जातात.

पहिले दार : अंगणवाडी आणि आशा ताई

याची सुरुवात गावातूनच होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. जन्मजात दोष, आजार, पोषणाची कमतरता आणि विकासातील विलंब असे चार गट त्यात पाहिले जातात. कार्यक्रमाचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येणे अपेक्षित आहे.

पालकांनी अंगणवाडी सेविकेला दोन गोष्टी विचाराव्यात. पथक पुढच्या वेळी कधी येणार, आणि तोपर्यंत थांबायचे नसेल तर मुलाला कुठे पाठवता येईल? केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी स्वतंत्र अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. मुलातली वेगळी लक्षणे ओळखणे, त्याला अंगणवाडीत सामावून घेणे आणि पुढे पाठवणे ही कामे त्यात सेविकेकडे आहेत. त्यामुळे ‘हे मूल आमच्याकडे नको’ असे उत्तर नियमात बसत नाही.

पथकाने किंवा डॉक्टरांनी पुढे पाठवले की दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय आणि त्यानंतर जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्र, असा प्रवास होतो. या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, वाचा व श्रवण तपासणी आणि मानसशास्त्रज्ञ एकाच छताखाली असावेत, अशी रचना आहे. रत्नागिरीला निघण्यापूर्वी कोणता तज्ज्ञ कोणत्या वारी असतो, हे फोन करून विचारून घ्यावे. अख्खा दिवस आणि दोघांचे भाडे वाया जाण्यापेक्षा एक फोन परवडतो.

दुसरे दार : प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता ते २१ आहेत. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल हेही त्यात येतात. शरीराने धडधाकट दिसणारे मूलही म्हणूनच कायद्याच्या दृष्टीने दिव्यांग असू शकते.

प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो. घरी जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रातून तो भरता येतो. मुलाचे आधार कार्ड, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि आजवरचे वैद्यकीय कागद सोबत ठेवावेत. अर्ज झाल्यावर वैद्यकीय मंडळासमोर तपासणी होते. २०२४ मध्ये बदललेल्या नियमांनुसार प्रमाणपत्र देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. कार्डाचा रंगही टक्केवारीनुसार ठरतो. ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास पांढरा, ४० ते ८० टक्क्यांदरम्यान पिवळा आणि ८० टक्के किंवा जास्त असल्यास निळा. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के लागतात.

वयाचा मुद्दाही लक्षात ठेवावा. बौद्धिक दिव्यांगत्वाची शंका असलेल्या पाच वर्षांखालील मुलाला साधारणपणे विकासातील विलंबाचे तात्पुरते प्रमाणपत्र मिळते आणि पुढे फेरतपासणी होते. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळते.

अनेक घरांत इथेच गफलत होते. ‘प्रमाणपत्र आले की थेरपी सुरू करू’ असे म्हणत काही पालक महिनोन्‌महिने थांबतात. उपचार, व्यायाम किंवा वाचा प्रशिक्षणासाठी प्रमाणपत्र लागत नाही. दोन्ही कामे एकाच वेळी सुरू करावीत.

शाळा : गावातली की विशेष?

शिक्षण हक्क कायद्यानुसार जवळच्या शाळेत प्रवेश हा दिव्यांग मुलाचाही हक्क आहे. २०१६ च्या कायद्याने तो पुढे नेला. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत शेजारच्या किंवा त्याला हव्या त्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळायला हवे. निवड कोणती करायची, हे पालकांच्या हातात आहे.

गावातल्या शाळेत घालायचे असेल तर पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात जावे. समग्र शिक्षा योजनेतील समावेशित शिक्षणाचे काम तिथून चालते. विशेष शिक्षकाची शाळाभेट, साहाय्यक साधने, वाहतूक व मदतनीस भत्ता, दिव्यांग मुलींसाठी दरमहा २०० रुपये आणि शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलासाठी गृहाधारित शिक्षण अशा तरतुदी या योजनेत आहेत. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये केंद्रशाळा स्तरावर विशेष शिक्षकांच्या ४,८६० पदांना मान्यता दिली. आपल्या केंद्राला विशेष शिक्षक कोण आहेत, हे मुख्याध्यापकांकडून लेखी विचारून घेता येते.

विशेष शाळा हवी असेल तर दिव्यांगत्वाचा प्रकार पाहून दिशा ठरते. कर्णबधिर मुलांसाठी दापोलीतच स्नेहदीप संस्थेचे इंदिराबाई वामन बडे कर्णबधिर विद्यालय आहे. दृष्टिहीन मुलांसाठी शेजारच्या मंडणगड तालुक्यात घराडी येथे स्नेहज्योती निवासी अंध विद्यालय आहे. बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी रत्नागिरीत आविष्कार संस्थेचे सविता कामत विद्यामंदिर आहे आणि मोठ्या मुलांसाठी त्याच संस्थेची शामराव भिडे कार्यशाळाही आहे. प्रवेशाच्या अटी आणि रिक्त जागा संस्थेकडूनच विचारून घ्याव्यात.

मुंबईला जायचेच असेल तर नेमके ठिकाण ठरवून जावे. श्रवण व वाचेसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, हातापायांच्या दिव्यांगत्वासाठी हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था. दोन्ही केंद्र सरकारच्या संस्था आहेत. हर्णेतल्या बहुतेक घरांतले कोणी ना कोणी मुंबईत असते. नंबर लावणे, तारीख घेणे ही कामे त्या नातेवाइकाकडे सोपवली तर एक फेरी वाचते.

पैशाची मदत कुठून?

संजय गांधी निराधार अनुदान योजना : अर्ज दापोली तहसील कार्यालयात. दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान राज्य सरकारने २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार रुपये केले. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे आणि राज्यात किमान १५ वर्षांचे वास्तव्य लागते.

निरामय आरोग्य विमा : स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी राष्ट्रीय न्यासाची योजना. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण. नोंदणी शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २५० रुपये, इतरांना ५०० रुपये. आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही आणि नियमित थेरपीचा खर्चही यात बसतो. पैसे आधी भरून नंतर परत मागायचे असल्याने प्रत्येक बिल जपून ठेवावे.

एसटी प्रवास : पात्र दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत. ६५ टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असल्यास सोबतच्या व्यक्तीला ५० टक्के सवलत. आठवड्याला दापोलीला जाणाऱ्या आईसाठी हा फरक मोठा असतो.

ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी : स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. ती कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर काय?

या वळणाबद्दल पालकांना क्वचितच कोणी आधी सांगते. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान ठरते आणि आई-वडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बँक खाते, जमिनीचा वाटा, सरकारी कागदांवरील सह्या अशा ठिकाणी अडचण सुरू होते. निरामय विम्यात येणाऱ्या चार गटांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ मध्ये उपाय आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घेता येते. न्यायालयात जाण्याची गरज पडत नाही. आई-वडील हयात आणि धडधाकट असतानाच ही प्रक्रिया केलेली बरी.

पालकांना आधार कोण देणार?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख, तर महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार दिव्यांग नोंदले गेले. तेव्हा दिव्यांगत्वाचे प्रकार आजच्यापेक्षा कमी मोजले जात होते. म्हणजे आपल्या घरापुरतेच हे संकट आहे, असे वाटणारी कुटुंबे प्रत्यक्षात एकटी नाहीत. पाजपंढरी, हर्णे, आंजर्ले, आसूद, मुरूड या पट्ट्यातल्या पालकांना एकमेकांचा पत्ता नसतो, एवढेच.

तो पत्ता अंगणवाडी सेविका, आशा ताई आणि विशेष शिक्षक यांना ठाऊक असतो. त्यांच्यामार्फत निरोप देऊन चार-पाच कुटुंबे एकत्र आली तरी बरेच काही सोपे होते. एका रिक्षात तीन मुले दापोलीला नेता येतात. एक आई बाजारात असताना दुसरी लक्ष ठेवू शकते. पाच जणांच्या सह्यांचा अर्ज ग्रामसभेत एकट्याच्या अर्जापेक्षा जड पडतो. पाच टक्के निधीतून थेरपीच्या फेऱ्यांसाठी वाहन मागायचे असेल तर ते असेच मागावे लागते.

मुलाच्या आजाराचा दोष आईवर टाकण्याची सवय अजून गेलेली नाही. सतत झोपमोड, रडू येणे, जगण्यात रस न वाटणे अशी लक्षणे आई-वडिलांना जाणवत असतील तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते. मुलाला मारहाण किंवा छळ होत असल्यास १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. शाळेने प्रवेश नाकारला किंवा कार्यालयाने हक्काची सेवा दिली नाही, तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. मात्र त्यासाठी नकार लेखी हवा. तोंडी ‘नाही’ ऐकून परत फिरण्यापेक्षा अर्ज देऊन पोच घ्यावी.

सुरुवात कधी करायची?

मच्छीमार कुटुंबांसाठी १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ सोयीचा आहे. नौका किनाऱ्याला असतात, वडील घरी असतात आणि शाळा-अंगणवाड्याही जूनमध्ये सुरू होतात. प्रमाणपत्राचा अर्ज, रत्नागिरीची फेरी, तहसीलमधला उत्पन्नाचा दाखला आणि शाळेतली भेट ही कामे या दोन महिन्यांत दोघांना मिळून करता येतात. मूल तीन वर्षांपेक्षा लहान असेल तर मात्र बंदीची वाट पाहू नये. त्यासाठी याच आठवड्यात अंगणवाडीत जावे. जाताना एक प्लास्टिकची फाइल घ्यावी आणि मुलाचा प्रत्येक कागद तारखेनुसार त्यात लावावा. पुढच्या प्रत्येक दारावर हीच फाइल मागितली जाणार आहे.