आवाज वाढला म्हणजे वेग वाढला? : स्पर्धेच्या गाडीविषयीचे गैरसमज

पावसाळा सरून मुरूम वाळला की हौशी चालकांना ऑटोक्रॉसचे वेध लागतात. मोकळ्या मैदानावर शंकू मांडून आखलेली वळणावळणांची वाट आणि एका वेळी घड्याळाशी झुंजणारी एकच गाडी, असा हा खेळ. त्याच्या जोडीला वेळ, वेग आणि अंतराचे गणित सांभाळायच्या टीएसडी रॅली, कच्च्या रस्त्यावरची रॅली-स्प्रिंट आणि कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या ठिकाणी होणारे ट्रॅक-डे. नोकरी-धंदा सांभाळून, स्वतःच्या खिशातून मोटरस्पोर्ट करणाऱ्याला परवडतील असे एवढेच पर्याय.

त्यासाठी लोक जुनी स्विफ्ट, एस्टीम किंवा पोलो घेतात आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. बहुतेक सल्ले सपशेल खोटे नसतात; त्यांचा क्रम उलटा असतो. जे शेवटी करायचे ते आधी सुचवले जाते आणि ज्यावाचून गाडीला स्पर्धेत उतरूच देत नाहीत ते राहून जाते. नेहमी कानांवर पडणारे काही समज म्हणूनच तपासून पाहिलेले बरे.

गैरसमज १ : आधी इंजिनाची ताकद वाढवायची, बाकीचे नंतर.

वस्तुस्थिती : ऑटोक्रॉसमध्ये गाडी बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये असते. वेळ कमी-जास्त होतो तो वळणात शिरताना आणि वळणातून निघताना. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकमध्ये त्याच दोन चाकांना गाडी ओढायचीही असते आणि वळवायचीही. वळणात आतल्या चाकावरचा भार कमी होतो आणि जोर वाढवला की ते जागच्या जागी फिरू लागते. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देत असल्याने बाहेरच्या चाकालाही मग तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. वाढवलेली ताकद धुरळा उडवण्यात खर्ची पडते.

टर्बो इंजिनात रिमॅपने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचे प्रोग्रॅमिंग बदलून, खरोखर चांगला फरक पडतो, पण त्याबरोबर क्लच, गियरबॉक्स आणि कूलिंगवरचा ताणही वाढतो. टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनात रिमॅप, फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर मिळून हाती लागते ते मोजकेच. वाढतो तो मुख्यतः आवाज. तेवढ्याच पैशांत टायरचा एक चांगला संच आणि काही स्पर्धांची प्रवेश फी निघते. नवख्या चालकाचा वेळ सर्वांत झपाट्याने सुधारतो तो सरावाने.

गैरसमज २ : गाडीत चार वस्तू जास्त टाकल्या तर नुकसान काहीच नाही.

वस्तुस्थिती : नुकसान वर्गवारीत होते. भारतात अधिकृत स्पर्धा मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाच्या, म्हणजे एफएमएससीआयच्या नियमांनुसार होतात आणि गाड्यांचे वर्ग इंजिनाची क्षमता व केलेले बदल पाहून ठरतात. मूळ स्थितीतल्या गाड्यांच्या वर्गात चालला नसता असा एकच भाग बसवला की गाडी थेट सुधारित गाड्यांच्या वर्गात जाते. तिथे गाठ पडते ती आतून पूर्ण रिकाम्या केलेल्या, खास सस्पेन्शन आणि स्पर्धेचे टायर लावलेल्या गाड्यांशी.

म्हणून पाना हातात घेण्याआधी त्या स्पर्धेची नियमपुस्तिका वाचावी. ती दरवर्षी आणि स्पर्धेगणिक बदलू शकते, त्यामुळे मित्राने मागच्या मोसमात काय केले हा पुरावा नव्हे.

गैरसमज ३ : गाडी जितकी खाली, तितकी ती वळणात घट्ट.

वस्तुस्थिती : गुरुत्वमध्य खाली आणणे फायद्याचे, हे खरे. पण आपल्या बहुतेक हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडी फार खाली घेतली की खालचा कंट्रोल आर्म आडव्या रेषेच्याही वर वळतो. मग गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, म्हणजे रोल सेंटर, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली सरकतो. दोघांतले अंतर वाढते आणि दिसायला बुटकी झालेली गाडी वळणात उलट जास्त कलू पाहते. त्यातच कापलेल्या स्प्रिंगा घातल्या असतील तर शॉकॲब्सॉर्बरला हालचालीला जागाच उरत नाही. खड्डा आला की रबरी स्टॉपरवर धडक बसते आणि त्या क्षणी टायरची पकड सुटते.

मुरमावर तर हिशेब आणखी वेगळा आहे. तिथे चाकाला वर-खाली होण्यासाठी मोठी जागा लागते, जमिनीपासून उंची लागते आणि इंजिनाखाली भक्कम संप गार्ड लागतो. पुढेमागे पाट्याच्या स्प्रिंगा असलेली जिप्सी १९८५ साली बाजारात आली आणि पुढे अनेक वर्षे भारतीय रॅलींमध्ये टिकून राहिली. बुटकेपणाशी तिचा काही संबंध नव्हता.

ट्रॅकसाठी गाडी तयार करताना उंचीपेक्षा चाकांच्या कोनांकडे आधी पाहावे. वळणात गाडी कलली की बाहेरच्या चाकाचा माथाही बाहेर झुकतो आणि सगळा भार टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो. त्याची भरपाई म्हणून पुढच्या चाकांना दोन ते तीन अंश उणे कॅम्बर देतात, म्हणजे चाकांचे माथे आत झुकवतात. रोजच्या गाडीत तो जवळजवळ शून्य असतो. पुढे किंचित टो-आउट दिला की गाडी वळणात चटकन शिरते, मात्र महामार्गावर तिला सतत सावरत राहावे लागते. मागचा अँटी-रोल बार जाड केला तर मागची पकड थोडी घटते आणि गाडीची पुढून बाहेर ओढली जाण्याची सवय कमी होते. ज्या टोकाला कडक कराल त्या टोकाची पकड कमी होते, हा ढोबळ नियम. एका वेळी एकच बदल करून वहीत नोंद ठेवली, तरच कशाने काय झाले ते कळते.

गैरसमज ४ : टायर रुंद घ्या आणि हवा कमी ठेवा, पकड आपोआप येते.

वस्तुस्थिती : कोरड्या डांबरी ट्रॅकवर रुंद टायर उपयोगी असतो, पण रुंदीपेक्षा रबराचा दर्जा महत्त्वाचा. सुट्या मुरमावर नेमके उलट घडते. अरुंद टायर वरचा भुगा कापून खालच्या टणक थरापर्यंत पोचतो. रुंद टायर त्या भुग्यावर तरंगतो.

हवेचा दाब नेहमी टायर तापल्यावर मोजावा. थंड असताना ३० पीएसआय असलेला टायर ३० अंश सेल्सियसने तापला की दाब साधारण साडेचार पीएसआयने वाढतो. हवा फार कमी असेल तर टायरची भिंत दुमडते, प्रतिसाद ढिला होतो आणि जोराच्या वळणात टायर रिममधून निसटूही शकतो. टायरच्या खांद्यावर खडूने रेघ ओढून एक फेरी मारावी आणि रेघ कुठवर पुसली गेली ते पाहावे. भिंतीपर्यंत पुसली तर हवा कमी, खांद्याला शिवलीच नाही तर जास्त. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका, स्वतःचा गेज ठेवा.

टीएसडी रॅलीत तर टायरचा आकार बदलणे अंगाशी येऊ शकते. मोठ्या घेराच्या टायरमुळे ओडोमीटर ३ टक्के कमी दाखवू लागला, तर १०० किलोमीटरला सुमारे ३ किलोमीटरची चूक होते. ताशी ४० च्या सरासरीला ती साडेचार मिनिटांची होते आणि तिथे पेनल्टी सेकंदांच्या हिशेबाने लागते. मुंबईहून ॲम्बी व्हॅलीकडे निघणाऱ्या महिलांच्या रॅलीसारख्या टीएसडी स्पर्धांत म्हणूनच घरची गाडी, नीट तपासलेला ओडोमीटर आणि शांत डोक्याची सह-चालक पुरते.

गैरसमज ५ : मोठ्या डिस्क बसवल्या की गाडी लवकर थांबते.

वस्तुस्थिती : जोराने पेडल दाबल्यावर चाके लॉक होत असतील किंवा एबीएस कामाला लागत असेल, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. अडचण असते उष्णतेची. ताशी ८० वरून थांबताना ताशी ६० पेक्षा सुमारे ७८ टक्के जास्त ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते, आणि ट्रॅकवर हे प्रत्येक वळणाला घडते.

पहिली शरणागती पत्करते ते ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषते. मानकाप्रमाणे डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश, तर ओल शोषल्यावर किमान १४० अंश सेल्सियस असतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जाते. आपल्या पावसाळ्यानंतर, मोसमाच्या सुरुवातीला ते बदलणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा उपाय. डॉट ५ हे सिलिकॉनचे असते. आकडा मोठा दिसला म्हणून ते या प्रकारांत मिसळू नये.

पॅडचेही तारतम्य हवे. शर्यतीचे कडक पॅड तापल्यावरच धरतात. मिनिट-दीड मिनिटात संपणाऱ्या ऑटोक्रॉसमध्ये ते तापेपर्यंत फेरी संपलेली असते.

गैरसमज ६ : एबीएस बंद केले की गाडी लवकर थांबते.

वस्तुस्थिती : हे अर्धे खरे आहे. सुट्या मुरमावर लॉक झालेले चाक आपल्यापुढे खडीचा ढीग लोटते आणि त्या ढिगामुळे गाडी आधी थांबते. डांबरावर मात्र लॉक झालेले चाक वळत नाही आणि एकाच जागी झिजून टायर बाद होतो. ट्रॅकवर हौशी चालकाने एबीएस चालूच ठेवावे.

गैरसमज ७ : ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून पाइप वेल्ड करून घेतले की झाला रोल केज.

वस्तुस्थिती : इथे चूक महागात पडते. जागतिक मोटरस्पोर्ट महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या नियमांनुसार मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर व्यासाची आणि २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची, थंड ओढून काढलेली विनासांध्याची पोलादी नळी लागते. कमानीच्या पायाखाली किमान ३ मिलिमीटर जाड पोलादाची मजबुतीची पट्टी घालून भार पत्र्यावर पसरवावा लागतो. गेटाला किंवा खिडकीच्या ग्रिलला वापरतात तो सांध्याचा पाइप उलटलेल्या गाडीत वाकतो किंवा फाटतो.

शिवाय केज एकटा काम करत नाही. त्याबरोबर बकेट सीट, हार्नेस, हेल्मेट आणि नळ्यांवर स्पंजाचे आवरण लागते. खांद्याचे पट्टे मागे जवळजवळ आडवे जावेत आणि आडव्या रेषेशी ४५ अंशांपेक्षा जास्त खाली झुकू नयेत. ते जमिनीला बांधले तर धडकेत मणक्यावर दाब येतो. एफआयए मानकाच्या हार्नेसवर मुदतीची तारीख छापलेली असते, ती ओलांडलेला हार्नेस स्पर्धेआधीच्या तपासणीत, म्हणजे स्क्रुटिनीत, नाकारला जातो. सेकंडहँड घेताना आधी ती पाहा. केज बसवलेली गाडी रोज रस्त्यावर चालवणेही धोक्याचे, कारण हेल्मेट नसलेले डोके त्या नळीवर आपटते.

दुचाकीचे आयएसआय हेल्मेट चालेल का, असे बरेच जण विचारतात. मोटारशर्यतीच्या स्नेल एसए हेल्मेटची आगीची चाचणी होते आणि रोल केजसारख्या नळीवर आपटण्याचीही चाचणी होते. दुचाकीचे हेल्मेट त्यासाठी बनवलेले नसते. खर्चात कुठे हात आखडायचा असेल तर तो इथे नको.

गैरसमज ८ : थर्मोस्टॅट काढून टाकला की इंजिन गरम होत नाही.

वस्तुस्थिती : हा आपल्या गॅरेजांतला जुना लाडका उपाय. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोचते, ईसीयू (इंजिनाचा संगणक) ते थंडच समजून जास्त पेट्रोल सोडत राहते आणि इंजिन ऑइलही पुरेसे तापत नाही. इंजिन खरोखर तापत असेल तर दोष बहुधा मुरमाने बुजलेल्या रेडिएटरमध्ये, थकलेल्या पंखा-मोटरमध्ये, गळक्या झाकणात किंवा जुन्या कूलंटमध्ये असतो.

फिल्टरचेही तसेच. मोकळा, भरपूर हवा घेणारा फिल्टर धुळीतल्या स्पर्धेत बारीक कणही आत सोडतो आणि सिलिंडर झिजवतो. बंद डब्यातला चांगला कागदी फिल्टर वापरावा आणि प्रत्येक स्पर्धेनंतर पाहावा.

गैरसमज ९ : विमा आहे, त्यामुळे काही झाले तरी काळजी नाही.

वस्तुस्थिती : विम्याच्या कागदावरचा वापराच्या मर्यादांचा परिच्छेद वाचा. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत, वेगचाचणी आणि विश्वासार्हता चाचणी यांना संरक्षण नसते. स्पर्धेत गाडी उलटली तर खर्च आपला. रॅलीसाठी जादा संरक्षण हवे असेल तर ते आधी विमा कंपनीकडून लेखी घ्यावे लागते.

कायद्याचे भानही हवे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीकृत गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालते, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गाडी उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी होईल असे बदल करता येत नाहीत असे स्पष्ट केले. कलम १८९ प्रमाणे शासनाच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. म्हणून फार बदल केलेली गाडी ट्रेलरवरून न्यावी आणि घाटात ‘सेटिंग तपासायला’ जाऊ नये.

मग पहिल्या मोसमात करायचे काय? नियमपुस्तिका, हेल्मेट आणि हार्नेस. ताजे ब्रेक ऑइल, चांगले पॅड आणि टायर. नवे शॉकॲब्सॉर्बर आणि बुश, नीट अलाइनमेंट. टॉर्क रेंचने आवळलेले नट, घट्ट बांधलेली बॅटरी, पुढेमागे टो हुक. डिकीतली स्टेपनी आणि जॅक नियमात बसत असेल तर बाहेर. वजन कमी करण्याचा फुकट मार्ग तो एवढाच. इंजिनाकडे वळायचे ते या सगळ्यानंतर.

आणि गाडीवर पैसे घालण्याआधी एका स्पर्धेत मार्शल म्हणून उभे राहा. क्लबांना स्वयंसेवक हवेच असतात. कोणत्या गाड्या स्क्रुटिनीतून परत जातात, कोणत्या दिवसाअखेर स्वतःच्या चाकांवर घरी जातात, हे तिथून जवळून दिसते. खर्चाची यादी त्यानंतर करा.