कुंदनाबाईची कावड, सुताराचे हात

कावड म्हटली की आपल्याला श्रावणबाळ आठवतो, नाहीतर शिखर शिंगणापूरचा डोंगर चढणारी पाण्याची कावड. राजस्थानातली कावड मात्र खांद्यावर नसते, ती उघडते! रंगीत लाकडी कपाटच ते. बिजागऱ्यांवर एकेक फळी उलगडत जाते. फळीफळीवर देव, संत, राजे आणि चक्क यजमानाचे आजे-पणजेही. शेवटचं कवाड उघडलं की आत गाभाऱ्यात राम, लक्ष्मण, सीता उभे!

ही कावड घडते बस्सीत. जयपूरहून आग्र्याकडे जाताना एक बस्सी लागते, ती ही नव्हे. ही चितोडगडजवळची. इथले सुतार लाकूड कापतात, सांधतात आणि चित्रंही तेच रंगवतात. लाल रंगावर त्यांचा भारी जीव. पण कावड वाचण्याचा मान त्यांचा नाही, तो मारवाडच्या कावडिया भाटांचा. कापडात गुंडाळलेली कावड घेऊन भाट यजमानाच्या दारी येतो, मोरपिसाने एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगतो, यजमानाच्या कुळाचे गोडवे गातो. ज्याला तीर्थाला जाणं जमत नाही, त्याच्या ओसरीवर देऊळच चालत येतं म्हणा ना! तळाला दानाचा कप्पा असतो. त्यातले पैसे गाईंच्या चाऱ्यासाठी, असं सांगतात.

आता भाटाला विचारा, ही कावड केली कुणी? तो सांगणार, काशीच्या कुंदनाबाईने. कुंदनाबाई म्हणे ब्राह्मण होती. बस्सीच्या सुताराचं नावही निघत नाही! मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केलेल्या नीना सबनानी यांनी कावडीवर २०१४ साली पुस्तक लिहिलं, त्यांनी ही परंपरा बारकाईने अभ्यासली आहे. भाट खोटं बोलतो असं म्हणणं अन्यायाचं होईल. देव सुताराच्या दुकानातून आणला म्हणण्यापेक्षा काशीहून आला म्हटलेलं ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. पण त्याची किंमत मोजली ती सुताराने.

दूर जर्मनीतही असंच घडलं. तिथल्या जुन्या चर्चमध्ये वेदीच्या मागे अशीच कवाडांची चित्रं असत. एरवी मिटलेली, सणाला उघडायची. वेस्टफालिया प्रांतातल्या लीसबोर्न मठासाठी १४६५च्या सुमारास कुणीतरी वेदीचं मोठं चित्र रंगवलं. खाली सही नाही. १८०३ साली मठ बंद झाला, पुढे चित्र कापलं गेलं आणि तुकडे पांगले. त्यातले काही १८५४ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीने घेतले. आता चित्रकाराला काहीतरी म्हणायला तर हवं! अभ्यासकांनी त्याला ‘लीसबोर्नचा उस्ताद’ म्हटलं. माणूस हरवला, गावाचं नाव तेवढं त्याला चिकटलं.

बस्सीच्या सुतारांचं नशीब थोडं बरं. कावडीला शहरातलं गिऱ्हाईक मिळालं, हस्तकलेच्या प्रदर्शनांत ती मांडली जाऊ लागली आणि सत्यनारायण सुथार, द्वारकाप्रसाद जांगिड अशी नावं लोकांना कळली. शाळेतल्या मुलांसाठीही कावडी होतात, नव्या गोष्टींच्या. फक्त दिवाणखान्यात शोभेला ठेवलेली कावड मुकी असते. तिच्यापुढे मोरपीस घेऊन बसणारा कुणी नसतो. आणि जो बसतो, त्याच्या कावडीची कारागीर अजून कुंदनाबाईच.