देवळालीचे गुरुजी आणि १४२८५७

१४२८५७ ला २ ने गुणले की २८५७१४ येतात, ३ ने ४२८५७१, ४ ने ५७१४२८, ५ ने ७१४२८५ आणि ६ ने ८५७१४२. अंक तेच, क्रमही तोच. फक्त सुरुवात बदलते.

७ ने गुणताच मात्र ९९९९९९!

याचे मूळ १ भागिले ७ या साध्या भागाकारात आहे. त्यात १, ३, २, ६, ४, ५ या बाक्या रहाटाच्या पोहऱ्यांसारख्या क्रमाने फिरत राहतात, म्हणून दशांश चिन्हापुढे १४२८५७ अखंड येत राहते.

या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा: २०४०८ आणि १२२४४९. बेरीज पुन्हा १४२८५७! असा गुण असलेल्या संख्यांना जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. डहाणूत १९०५ साली जन्मलेले द. रा. कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक होते. गणितातली पदव्युत्तर पदवी नसतानाही त्यांनी आयुष्यभर संख्यांचा शोध घेतला. ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ही त्यांचाच.

कोणत्याही शाळेच्या वर्गात हे सहज करून पाहता येईल. खडू आणि फळा पुरे. शिक्षकांनी मुलांना १ भागिले १७ हा भागाकारही जरूर करायला द्यावा. तिथे तब्बल १६ अंकांचे चक्र मिळते.